चालल्यावर साखर का उतरते? सूक्ष्मदर्शकाने दिलेले उत्तर

मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर नेहमी तीन गोष्टी सांगतात : पथ्य, औषध आणि व्यायाम. यांपैकी औषध बहुतेक जण नेमाने घेतात. पथ्य सणवार आणि लग्नसराई सोडून सांभाळतात. व्यायाम मात्र ‘येत्या सोमवारपासून’ सुरू व्हायचा असतो. विचारले तर उत्तर मिळते, ‘‘गोळी चालू आहे ना डॉक्टर, मग चालून वेगळे काय होणार?’’

हा प्रश्न रास्त आहे. गोळी आणि चालणे ही दोन्ही एकच काम करत असतील तर एक पुरे, असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. काम करणारा स्नायू रक्तातील साखर एका निराळ्या वाटेने आत घेतो आणि मधुमेहात जी वाट बिघडते ती ही नव्हे. ही गोष्ट पूर्वी अनुमानाने माहीत होती. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी जिवंत स्नायूत ती प्रत्यक्ष चमकताना पाहिली आहे. ती कशी पाहिली आणि त्यातून आपण काय घ्यायचे, ते आज समजावून घेऊ.

साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक

आपल्या वजनाचा मोठा भाग, साधारणपणे तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत, हाडांना चिकटलेल्या स्नायूंचा असतो. जेवणानंतर रक्तात साखर म्हणजे ग्लुकोज वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते आणि साखर पेशींत जाऊ लागते. इन्सुलिनच्या हुकमाने जी साखर अशी उचलली जाते तिचा सुमारे पाऊण हिस्सा एकटे स्नायू घेतात. म्हणजे स्नायू हे साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. हे गिऱ्हाईक रुसले की माल बाजारात पडून राहतो, म्हणजेच रक्तातील साखर वाढते.

आपल्या लोकांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांची तुलना प्रसिद्ध झाली. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे डॉ. याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून सतत मांडले आहे. ‘मी तर बारीक आहे, मला कुठली साखर?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीच्या आधारे २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यांत बारीक माणसे पुष्कळ आहेत.

इन्सुलिनची घंटा

साखर स्नायूच्या पेशीत आपोआप शिरत नाही. पेशीच्या आवरणातून तिला आत घेण्यासाठी खास प्रथिनांची दारे लागतात. स्नायूंतील या प्रमुख दाराला ‘ग्लुट-४’ असे नाव आहे. गंमत अशी की ही दारे एरवी भिंतीला बसवलेली नसतात. ती पेशीच्या आतच, बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात.

इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या बाजूला येऊन चिकटते. त्याबरोबर आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा निरोप जातो. या निरोप्या प्रथिनांना आपण संदेशवाहक प्रथिने म्हणू. शेवटी निरोप पिशव्यांपर्यंत पोचतो, त्या सरकत आवरणाशी येतात आणि ग्लुट-४ची दारे तेथे बसतात. मग साखर आत शिरते. जणू दारावरची घंटा वाजली आणि घरातल्यांनी दार उघडले.

मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात, म्हणजे टाइप २ मध्ये, बिघाड बहुतांशी या घंटेच्या तारेत असतो. इन्सुलिन बटण दाबत असते, सुरुवातीला तर नेहमीपेक्षा जास्त जोराने दाबत असते, पण निरोप पुरता आत पोचत नाही. यालाच इन्सुलिनला दाद न देणे म्हणतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. दारे शिल्लक असतात. बिघडलेली असते ती तार.

घोड्याच्या जबड्यापासून सुरुवात

मग दुसरी एखादी घंटा आहे काय? या प्रश्नाचा पहिला धागा फार जुना आहे. १८८७ साली फ्रान्समध्ये शोव्हो आणि कॉफमन या दोन संशोधकांनी घोड्याच्या जबड्याच्या स्नायूत जाणारे आणि त्यातून परत येणारे रक्त तपासले. घोडा स्वस्थ उभा असताना आणि चारा चघळत असताना, अशा दोन वेळी त्यांनी साखर मोजली. चघळताना स्नायू रक्तातील साखर कितीतरी जास्त उचलतो असे त्यांना आढळले. त्या वेळी इन्सुलिनचा शोधही लागला नव्हता. तो टोरांटोत १९२१ साली लागला आणि १९२२च्या जानेवारीत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले.

पुढे १९८४ साली कोपनहेगन येथे थॉर्किल प्लाऊग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांवर आणखी नेमका प्रयोग केला. इन्सुलिनचा परिणाम होणार नाही अशी व्यवस्था करून त्यांनी मागच्या पायांचे स्नायू आकुंचन पावायला लावले. तरीही स्नायूंनी साखर उचलली. म्हणजे आकुंचनाला इन्सुलिनची गरज नव्हती. दुसरी घंटा होती. ती वाजवतो कोण, एवढे शोधायचे राहिले होते.

रिझर्व्हवर आलेली स्कूटर

स्कूटरमधले पेट्रोल संपत आले की चालवणाऱ्याला कळते आणि तो कॉक रिझर्व्हवर फिरवतो. स्नायूच्या पेशीतही अशी सोय आहे. पेशीचे इंधन म्हणजे एटीपी नावाचा पदार्थ. स्नायू काम करू लागला की एटीपी खर्च होते आणि त्याचा उरलेला चोथा, एएमपी, वाढू लागतो. हा चोथा वाढल्याचे ओळखणारे एक संदेशवाहक प्रथिन पेशीत असते. त्याचे नाव एएमपीके. ते जागे झाले की पेशीला हुकूम सुटतो : उधळपट्टी बंद करा, इंधन आत घ्या, चरबी जाळा.

पण एखादे संदेशवाहक प्रथिन ‘जागे’ आहे की ‘झोपलेले’, हे पाहायचे कसे? इथे खरी अडचण होती. प्रथिन किती आहे हे मोजणे सोपे, ते काम करते आहे का हे मोजणे अवघड. भिंतीवर विजेची किती बटणे आहेत हे मोजले म्हणून कोणते दिवे लागले आहेत ते कळत नाही. पूर्वी स्नायूचा तुकडा काढून तो गोठवायचा, कुटायचा आणि त्या लगद्यात रासायनिक तपासणी करायची अशी रीत होती. ती आजही उपयोगाची आहे, परंतु लगद्यात सगळ्या तंतूंची सरासरी निघते. कोणता तंतू जागा होता, कोणत्या मिनिटाला जागा झाला, शेजारचा झोपलेलाच होता काय, हे सगळे त्या लगद्यात हरवते.

जेलीफिशचा उजेड

या अडचणीवर उपाय निघाला तो समुद्रातून. बँकेत संशयास्पद नोट जांभळ्या दिव्याखाली धरतात तेव्हा तिच्यावरचे काही धागे आणि आकडे चमकतात, हे अनेकांनी पाहिले असेल. एका रंगाचा प्रकाश शोषून घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकायचा, या गुणाला शास्त्रात अनुस्फुरण किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. या तत्त्वावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकात बाकी सगळा अंधार असतो आणि चमकणाऱ्या वस्तू तेवढ्या दिसतात. अमावास्येच्या रात्री काजवे दिसावेत तशा.

ओसामू शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जेलीफिश गोळा करत असत. १९६२ साली त्यांनी जेलीफिशमधील एका प्रकाश देणाऱ्या प्रथिनाबरोबरच हिरव्या चमकीच्या दुसऱ्या प्रथिनाची नोंद केली. या हिरव्या प्रथिनाचे जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ साली वेगळे काढले. पुढे संशोधनासाठी पैसा मिळेना, म्हणून त्यांनी ते इतर शास्त्रज्ञांना देऊन टाकले. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली दाखवून दिले की हे जनुक दुसऱ्या जिवात घातले तर तो जीवही हिरवा चमकतो. रॉजर त्सिएन यांनी त्यात फेरफार करून निळसर, पिवळी अशी निरनिराळ्या रंगांची प्रथिने तयार केली. २००८ साली शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी प्रॅशर अमेरिकेतील एका मोटारविक्रीच्या दुकानात गाडीने गिऱ्हाइकांची ने-आण करण्याची नोकरी करत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना आपल्या खर्चाने पारितोषिक समारंभाला नेले.

या चमकत्या प्रथिनाचा उपयोग मधुमेहाच्या अभ्यासकांनीही केला. कोपनहेगनच्या ज्या गटाचा वर उल्लेख केला, त्याच गटाने २००६ साली ग्लुट-४च्या दाराला हे चमकते प्रथिन जोडले आणि जिवंत उंदराच्या मांडीच्या स्नायूत ही दारे सरकताना पाहिली. इन्सुलिन दिल्यावर दारे केवळ तंतूच्या बाहेरच्या आवरणावर बसत नाहीत. त्या आवरणातून तंतूच्या पोटात शिरणाऱ्या बारीक नळ्यांवरही ती बसतात, असे दिसले. २०१० साली त्यांनी इन्सुलिनऐवजी आकुंचनाने काय होते ते पाहिले. दारे याही वेळी त्या दोन्ही जागी सरकली आणि आकुंचन थांबल्यावर परत आत गेली. घंटा दुसरी, पण दारे तीच.

निळ्याचे पिवळे

आता उरली ती घंटा वाजवणाऱ्या प्रथिनाची गोष्ट. ते जागे झाल्याचे कसे कळावे? यासाठी शास्त्रज्ञांनी एक छोटे यंत्रच बनवले, तेही प्रथिनांचे. कल्पना करा की एक बिजागरी आहे. तिच्या एका पात्यावर निळसर चमकणारे प्रथिन आणि दुसऱ्या पात्यावर पिवळे चमकणारे. बिजागरी उघडी असताना निळसर प्रथिनावर प्रकाश टाकला तर ते आपल्या निळसर रंगात चमकते. बिजागरी मिटली की दोन्ही प्रथिने अगदी जवळ येतात. मग निळसर प्रथिन आपली ऊर्जा स्वतः प्रकाशरूपाने न टाकता शेजाऱ्याच्या हाती देते आणि पिवळा प्रकाश बाहेर पडतो. अशा देवघेवीचा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फ्योर्स्टर यांनी १९४०च्या दशकात मांडला होता.

ही बिजागरी मिटवायचे काम एएमपीकेवर सोपवलेले असते. एएमपीके जागे असले की ते आपल्या समोरच्या प्रथिनांवर फॉस्फेटचा एक बिल्ला लावते. बिल्ला लागला की बिजागरी मिटते. झोपलेले असले तर बिल्ला लागत नाही आणि बिजागरी उघडी राहते. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्याचे प्रमाण वाढले तर एएमपीके कामाला लागले, निळसर वाढले तर ते स्वस्थ आहे. तंतू न कापता, न कुटता, काम चालू असतानाच हे वाचता येते.

क्योटोचे उंदीर

जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी ही बिजागरी जन्मापासूनच शरीरात असलेले उंदीर तयार केले आणि २०१७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदराला भूल देऊन खास सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि स्नायूंचे, यकृताचे रंग पाहायचे, अशी ही पद्धत. त्यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट औषधाची. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त आणि आपल्याकडे सर्वांत जास्त दिली जाणारी गोळ्यांपैकी एक. ती दिल्यावर एएमपीके जागे झाले ते यकृतात. एएमपीसारखा दिसणारा दुसरा एक पदार्थ दिला, तेव्हा ते स्नायूत जागे झाले. म्हणजे प्रथिन एकच, पण ते कोणत्या अवयवात जागे होणार हे दिलेल्या पदार्थावर अवलंबून होते.

दुसरी गोष्ट व्यायामाची. स्नायू जोराने आकुंचन पावला तेव्हा आणि उंदराने व्यायाम केला तेव्हा, एएमपीके सर्व तंतूंत सारखे जागे झाले नाही. ते प्रामुख्याने जलद तंतूंत जागे झाले. आपल्या स्नायूंत दोन मुख्य जातींचे तंतू मिसळलेले असतात. मंद तंतू दमाचे असतात, ते उभे राहणे, सावकाश चालणे असली लांबणीची कामे करतात. जलद तंतू जोराचे असतात, पण लवकर थकतात. कोंबडीच्या छातीचे मांस पांढरट असते आणि तंगडीचे तांबूस, हे स्वयंपाकघरात सर्वांना माहीत आहे. पांढरट भागात जलद तंतू जास्त, तांबूस भागात मंद तंतू जास्त. लगदा करून तपासले असते तर दोघांची सरासरी निघाली असती आणि हा फरक लपून राहिला असता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर पाहा. या उंदरांत गोळीने दिवा लावला तो यकृतात आणि व्यायामाने लावला तो स्नायूत. घर एकच, पण खोल्या वेगळ्या. म्हणून गोळी घेतली की चालायला नको, किंवा चालतो म्हणून गोळी नको, ही दोन्ही म्हणणी चूक आहेत.

चित्राचा अर्थ लावताना

असे रंगीत चित्र पाहिले की माणूस हुरळून जातो. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करणे जरूर आहे.

एक, दिवा लागलेला दिसला म्हणजे सगळे काम त्याच दिव्याने केले असे ठरत नाही. ज्या उंदरांच्या स्नायूंतून एएमपीके काढून टाकले आहे, त्यांचे स्नायूही आकुंचनाच्या वेळी बऱ्यापैकी साखर उचलतात असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे दुसरी घंटा वाजवणारा हात एकच नाही. आकुंचनाच्या वेळी पेशीत वाढणारे कॅल्शियम, तंतूला बसणारा ताण आणि इतर संदेशवाहक प्रथिने यांचाही त्यात वाटा आहे. एएमपीकेचे महत्त्व व्यायामानंतरच्या काळात विशेष दिसते. व्यायामानंतर स्नायू इन्सुलिनचे पूर्वीपेक्षा जास्त ऐकू लागतो, त्यामागे एएमपीके आहे.

दोन, हे सगळे उंदरांत पाहिलेले आहे. माणसाच्या शरीरात असली चमकती जनुके घालत नाहीत आणि घालणे योग्यही नाही. मग हे माणसाला लागू आहे कशावरून? त्याचा पुरावा वेगळ्या मार्गाने मिळाला आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या जोसलिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी १९९९ साली पाच निरोगी आणि पाच टाइप २ मधुमेही व्यक्तींना पाऊण ते एक तास सायकल चालवायला लावली. आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा अगदी लहान तुकडा काढून पेशींच्या आवरणावर किती ग्लुट-४ आहे ते मोजले. निरोगी माणसांत ते सुमारे ७० टक्क्यांनी वाढले होते. मधुमेहींत? तेही जवळजवळ तितकेच वाढले होते. पाहणी लहान होती, पण निष्कर्ष इतर प्रयोगांशी जुळणारा आहे. मधुमेहीच्या स्नायूत इन्सुलिनची तार बिघडलेली असली, तरी श्रमाची तार शाबूत असते.

मधुमेहाच्या रुग्णाला याहून दिलासा देणारी गोष्ट क्वचितच सांगता येईल. आपले शरीर आपल्यावर पूर्ण उलटलेले नाही. एक रस्ता अजून उघडा आहे आणि तो आपल्या पायांत आहे.

रोजच्या जीवनात काय करावे?

वाचकांच्या सोयीसाठी या माहितीतून निघणारे व्यवहाराचे मुद्दे देत आहे.

१) आठवड्यात किमान १५० मिनिटे बेताचा, दम थोडा वाढेल असा व्यायाम करावा. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस भरभर चालले तरी हिशेब पुरा होतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरेसा आहे.

२) सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये. व्यायामामुळे स्नायू इन्सुलिनचे जास्त ऐकू लागतो तो परिणाम एक ते दोन दिवस टिकतो, नंतर ओसरतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास चालून आठवडाभर बसून राहणे हा सौदा तोट्याचा आहे.

३) जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली करावी. साखर रक्तात चढण्याच्या वेळीच स्नायू कामाला लागलेले असले तर ती फार चढत नाही. वाडवडिलांनी घातलेला हा प्रघात टीव्हीपुढे विसरू नये.

४) केवळ चालण्यावर थांबू नये. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लावायला लावणारे व्यायाम करावेत. खुर्चीचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, जिने चढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, यांना पैसे लागत नाहीत. मंद चालण्यात जलद तंतूंना फारसे काम पडत नाही, ते जोराच्या कामात पडते. शिवाय वयाबरोबर स्नायू झडतात, त्यांत जलद तंतू जास्त झिजतात. साखरेचे गिऱ्हाईक लहान होऊ द्यायचे नसेल तर हे व्यायाम हवेत. मात्र, म्हणून सावकाश चालणे निरुपयोगी असा अर्थ कोणी काढू नये. मंद तंतूही साखर वापरतातच, आणि बसून राहण्यापेक्षा सावकाश चालणे केव्हाही चांगले.

५) ‘घरातले काम करते, तोच माझा व्यायाम’ असे अनेक भगिनी म्हणतात. धुणे, झाडलोट, पाणी भरणे यांनी स्नायूंना काम मिळते हे खरे. पण आता धुणे यंत्राने होते, वाटण मिक्सरवर होते आणि ओट्यापाशी उभे राहण्याचे कामच जास्त उरते. तेव्हा स्वतःसाठी रोजचा अर्धा तास वेगळा काढणे हा चैनीचा भाग समजू नका. घरच्यांनीही तो वेळ त्यांना मिळेल असे पाहावे.

खबरदारी

इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. या रुग्णांत औषध आणि व्यायाम दोन्ही मिळून साखर फार खाली येऊ शकते. व्यायामापूर्वी साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी थोडे खाऊन घ्यावे. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्यावी. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी भूक लागणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काही झाले तर लगेच थांबून साखर तोंडात टाकावी. भारी श्रमानंतर कित्येक तासांनी, रात्री झोपेतसुद्धा साखर उतरू शकते, हे घरच्यांना माहीत असावे. चालायला निघण्यापूर्वी इन्सुलिन मांडीत टोचू नये, पोटात टोचावे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

लहान वयात होणाऱ्या टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिनच नसते. तेथे व्यायाम चांगला, पण तो इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. अशा रुग्णाने एक दिवसही इन्सुलिन बंद करू नये. साखर २५०च्या वर असेल आणि लघवीत कीटोन आढळत असतील तर त्या दिवशी व्यायाम न करता डॉक्टरांना गाठावे.

ज्यांना हृदयविकार आहे, चालताना छातीत दुखते, किंवा डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचे व्यायाम सुरू करू नयेत. डोळ्यांचा विकार वाढलेला असताना जड वजन उचलल्याने पडद्यावर रक्तस्राव होण्याची भीती असते. पायांना बधिरपणा असलेल्यांनी अनवाणी किंवा सैल चपला घालून चालू नये. मोजे व बंद बूट वापरावेत आणि रोज रात्री तळपाय उजेडात नीट पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चालण्याने साखर उतरू लागली म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या कमी करू नयेत. दर तीन महिन्यांनी सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करावी आणि डोस बदलण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. अनेकांचा डोस खरोखरच कमी होतो.

चालणाऱ्या माणसाच्या मांडीत काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. वजनाचा काटा महिनाभर हलत नाही, पोट तेवढेच दिसते आणि ‘काही फरक नाही’ म्हणून तो चालणे सोडून देतो. पण फरक पहिल्याच दिवशी, पहिल्या काही मिनिटांत सुरू झालेला असतो. पिशव्यांतली दारे सरकत असतात, साखर आत जात असते. सूक्ष्मदर्शकाने ते पाहिले आहे. आपण त्यावर विश्वास ठेवून उद्या सकाळी बूट घालावेत आणि सोमवारची वाट पाहू नये.